येरवडा सोडून सगळीकडे

आमच्या आजीनं अकरा देश पाहिले, झाडून सगळी ज्योतिर्लिंगं पाहिली, अंदमान पाहिलं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती लडाखला गेली आणि ऑक्सिजनच्या नळकांड्याकडे ढुंकूनही न बघता, उलट धापा टाकणाऱ्या टूर मॅनेजरलाच आल्याच्या वड्या चघळायला देऊन परत आली. फक्त येरवड्याला ती कधी आली नाही. येरवड्याला आम्ही राहत होतो. आम्ही म्हणजे तिचा धाकटा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. (तुरुंगाच्या बाहेर राहत होतो, हे परगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवते.) ती राहायची शनिवार पेठेत, मोठ्या काकांकडे. मध्ये एक नदी आणि सहा-सात सिग्नल, एवढंच अंतर.

तिला आम्ही आजी म्हणत नसू. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात चार धाकटे दीर होते. ते तिला वहिनी म्हणायचे. ते ऐकून ऐकून तिची स्वतःची मुलंही तिला वहिनीच म्हणायला लागली. मग सुना, मग आम्ही नातवंडं, मग दूधवाला. एकदा बँकेतला नवा कारकून "वहिनी, इथं सही करा" म्हणाला, तर तिनं चष्म्यावरून बघत विचारलं, "तुझा दादा कोणता रे?" त्या कारकुनानं त्यानंतर तिला थेट मॅनेजरच्या टेबलाकडे पाठवायला सुरुवात केली.

उंची पाच फुटांच्या आतच. सुती पाचवारी साडी, पायात पांढरे स्पोर्ट शूज आणि कमरेला कंडक्टरसारखी पट्ट्याची पिशवी. त्या पिशवीत कुंकवाची डबी, सुईदोरा, सुपारीएवढा हिंगाचा खडा आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. या दोरीवर तिनं सिंगापूरपासून स्वित्झर्लंडपर्यंत परकर वाळवले. आजोबा रेल्वेत होते, त्यामुळे घरात पास यायचा. पण दिवसभर गाड्या बघून आजोबांना गाडीचा इतका वीट आलेला असायचा की ते पास तिच्या हातात द्यायचे आणि स्वतः पेपर घेऊन आरामखुर्चीत बसायचे. ती मुलांना घेऊन निघायची. आजोबा गेल्यावर पास गेला, प्रवास गेला नाही.

प्रवासाचा कार्यक्रम ती जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लिहून स्वयंपाकघरात टांगायची. "सकाळी ६ चहा. ७ प्रयाण. १० देऊळ. १२ भोजन. २ ते ३ झोप (कुठंही)." ही 'कुठंही' झोप ती खरोखर कुठंही घ्यायची. रोममध्ये एका प्राचीन दगडावर पदर पसरून ती तासभर झोपली होती. पहारेकरी उठवायला आला, तेव्हा डोळे न उघडता तिनं बोटानं घड्याळातले तीन दाखवले. तोही बिचारा तीन वाजता परत आला.

परत आली की आम्ही सगळे शनिवार पेठेत वर्णन ऐकायला जमायचो. वर्णन फार लांब नसायचं. ताजमहाल कसा आहे? "बाई गेल्यावर बांधलंन. ती असताना एक बरी मोरी बांधून दिली असतीन तर वापरली तरी असती." आल्प्समधला बर्फ? "फ्रीज डीफ्रॉस्ट करताना दर महिन्याला बघते." लंडनला राजवाड्याबाहेर उंच टोपी घालून उभा असलेला पहारेकरी तिनं पाहिला. "तासभर उभा होता हो. मी विचारलं, जेवलास का? एक शब्द बोलला नाही. पुण्याचा असावा."

पण मुळात ती दगडमातीसाठी जायचीच नाही. जिथं आपलं कोणी आहे तिथं जायचं आणि वाटेत काय दिसेल ते बघून घ्यायचं, असा तिचा खाक्या. जपानला ती "पम्याच्या इथं" म्हणायची आणि ऑस्ट्रेलियाला "सुलूच्या मुलीकडं". या पम्याशी तिचं नातं काय, ते सांगायला कागद-पेन्सिल लागायची. कोणाला दोडका चालत नाही, कोणाला झोपताना पायाशी पांघरूण लागतं, कोणाच्या सासऱ्यांचं कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हे सगळं तिला पाठ. रोज सकाळी सात वाजता ती फोन करायची. "खोकला गेला? बरं. ठेवते." चाळीस सेकंदांत प्रेम उरकायचं. त्यात सात वाजलेले तिचे असायचे, त्यामुळे अमेरिकेतल्या मंडळींना ते भलत्याच वेळी मिळायचं.

येताना ती हॉटेलांतले साबण आणायची आणि ज्याच्यावर जितकी मर्जी तितका मोठा साबण द्यायची. आमच्या आईला नेहमी सगळ्यात मोठा साबण आणि वर आंघोळीच्या वेळी डोक्यावर घालायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या मिळायच्या. त्या टोप्या आई फ्रीजमधल्या पातेल्यांवर चढवायची. आमच्या घरातली कोशिंबीर कायम फ्रेंच टोपी घालून बसलेली असे. म्हणजे आईवर तिची मर्जी नव्हती असं मुळीच नाही. "माझ्या तिन्ही सुनांत अक्कल असलेली ही एक," असं ती उरलेल्या दोघींसमोर सांगायची. "म्हणून तर जास्त राग येतो."

राग कशाचा, तेही सांगते.

आई वर्ध्याची. बाबा तिकडं नोकरीला असताना जमलेलं लग्न. पुण्यात आल्यावर बाबांनी येरवड्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि वास्तुशांत ठरली. मी चार वर्षांची होते. पत्रिका छापल्या. आईनं हट्टानं निमंत्रक म्हणून वहिनीचं नाव छापून घेतलं, सर्वांत वर. बाबांचं खाली, आईचं त्याच्याखाली. बाबांनी पन्नास पत्रिकांचा गठ्ठा शनिवार पेठेत नेऊन काकांकडे वाटायला दिला. काकांनी पेठेतल्या सगळ्या नातेवाइकांना वाटल्या. वहिनीला कोणी दिली नाही, कारण बोलावणारी तीच होती. यजमानीणबाईंना पत्रिका कोण देणार?

वास्तुशांतीच्या दिवशी वहिनी सकाळी सातला मोरपंखी साडी नेसून दाराशी खुर्ची घेऊन बसली. कोणीतरी अक्षता घेऊन येईल आणि 'वहिनी, चला' म्हणेल, याची वाट बघत. काकांनी विचारलं, "निघायचं ना?" ती म्हणाली, "तुम्हाला बोलावलंय, तुम्ही जा." काकांना वाटलं, बाबा गाडी घेऊन न्यायला येणार असतील. बाबांना वाटलं, ती काकांबरोबर येईल. इकडं आईनं तिच्यासाठी पाट मांडून ठेवला होता, चंदेरी खण आणून ठेवला होता. अकरा वाजले, गुरुजींनी घाई केली, पूजा झाली. संध्याकाळी काका घरी परतले तेव्हा ती त्याच मोरपंखी साडीत गवार मोडत बसली होती. "झाली का वास्तुशांत? छान," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आई धावत शनिवार पेठेत गेली.

"वहिनी, तुम्ही काहून नाही आल्या?"

"बोलावलं नव्हतं."

"आपल्याच घरी याले बोलावणं लागते का जी?"

"आमच्यात लागतं."

झालं. सव्वीस वर्षं हे एवढ्यावर चाललं. पुण्यात बोलावल्याशिवाय कोणी कोणाच्या घरी जात नाही. बोलावलं तरी लोक 'जेवून या' असं समजून जातात. वर्ध्याकडे घरच्या माणसाला 'या' म्हटलं तर त्याला परकं केल्यासारखं होतं. वहिनीचं म्हणणं, बोलावणं म्हणजे मान. आईचं म्हणणं, बोलावणं म्हणजे अपमान. दोघीही आपापल्या जागी इतक्या बरोबर होत्या की मध्ये बाबांना उभं राहायला जागा उरली नाही.

बाबांनी काय कमी प्रयत्न केले? आईला म्हणायचे, "अगं, म्हण ना एकदा 'या'. एक अक्षर आहे." आई म्हणायची, "ते एक अक्षर म्हटलं की त्या पाहुण्या झाल्या. माझी सासू माझ्या घरात पाहुणी नाही व्हायची." मग ते शनिवार पेठेत जाऊन वहिनीला म्हणायचे, "तू ये की अशीच एकदा." ती म्हणायची, "मी काय वॉटर फिल्टर विकते?"

यात भांडण मात्र नव्हतं. आई प्रत्येक सणाला शनिवार पेठेत जायची. वहिनी तिच्या हातची, कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली पुडाची वडी मागून घेऊन खायची आणि "तेल जरा कमी चाललं असतं" म्हणत आणखी दोन घ्यायची. माझा भाऊ वर्ध्याला झाला, तर आईचे बाबा नारळ घेऊन रीतसर वहिनीला बोलवायला पुण्यात आले. विहिणीला आमंत्रण लागतं, यात वर्ध्याचंही दुमत नव्हतं. वहिनी लगेच गाडीत बसली. तीन दिवसांसाठी म्हणून गेली आणि अकरा दिवस राहिली. तिथं तिला दिवसातून पाच वेळा जेवू घालत. "ह्या लोकांना 'पुरे' शब्दाचा अर्थ कळत नाही," अशी तिनं तिथूनच फोनवर तक्रार केली. तक्रारीच्या मध्येच, "हो हो, वाढा थोडं," असंही ऐकू आलं म्हणे. वर्ध्याला गेली, पण येरवड्याला आली नाही.

आणि गंमत अशी की दर प्रवासाला तिला आमच्यावरूनच जावं लागे. विमानतळ लोहगावला. शनिवार पेठेतून निघालेली गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्याशिवाय तिथं पोचूच शकत नाही. मग बाबा, आई आणि आम्ही दोघं कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचो. गाडी थांबायची. काच खाली व्हायची. आई प्रवासाचा डबा आत द्यायची: दशम्या, कोरडी चटणी, आणि वर दर वेळचं एकच वाक्य, "सावकाश खाजा जी." मग दार उघडून, भर रस्त्यात पदर खोचून, आई गाडीत वाकून तिला नमस्कार करायची. मागं रिक्षा ठणाणा करायच्या. वहिनी आईच्या डोक्यावर हात ठेवून पूर्ण आशीर्वाद द्यायची, एक शब्द न गाळता, आणि मग मागच्या रिक्षावाल्याला सांगायची, "सून आहे माझी. थांब दोन मिनिटं, तुला काय विमान गाठायचंय?" काच वर. गाडी पुढं. आमचं घर तिथून दीडशे पावलं.

एकदा बाबांनी लबाडी केली. ती दिल्लीहून परत येताना ते तिला आणायला गेले आणि "पुढं रस्ता बंद आहे" म्हणून गाडी सरळ आमच्या इमारतीखाली आणून उभी केली. वहिनीनं बाहेर बघितलं, परिस्थिती ओळखली आणि पिशवीतून जपमाळ काढली. "रस्ता उघडला की सांग." तासभर ती गाडीत बसून राहिली. शेवटी आई चहाचा कप घेऊन तीन जिने उतरून खाली आली. वहिनीनं तो घेतला, बशीत ओतून प्यायली. आम्हाला वाटलं, चला, काहीतरी सुरुवात झाली. ती म्हणाली, "वाहनात घेतलेला चहा प्रवासातला असतो. घरचा नाही." त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

बाबांना हसणं सोपं होतं आणि आम्ही हसायचो. पण त्यांनी सव्वीस वर्षांत घरात जे जे आणलं ते तिच्या मापानं आणलं. सोफा घेताना दुकानात ते स्वतः बसून, पाय जमिनीला टेकतात का ते बघायचे आणि म्हणायचे, "वहिनीला उंच पडेल." न्हाणीघरात तिला धरायला त्यांनी स्टीलचा दांडा बसवून घेतला. आमच्या घरात तो दांडा कोणालाच लागत नव्हता. त्यावर माझ्या भावाच्या जीन्स वाळायच्या. आपल्या आईनं आपल्या घरी एकदा पाटावर बसून जेवावं, याच्यापलीकडे त्यांचं आयुष्याकडे काही मागणं नव्हतं, आणि तेवढंच नेमकं होत नव्हतं.

मग इमारत पाडायची ठरली. पुण्यात हल्ली तीस वर्षं झाली की इमारती म्हाताऱ्या होतात. बिल्डर आला, सभा झाल्या, सह्या झाल्या, आणि महिनाअखेर घर रिकामं करायचं असं पत्र आलं. आम्ही विश्रांतवाडीला भाड्यानं घर बघितलं. मी बंगळूरहून सुट्टी काढून खोकी भरायला आले होते. जेवताना बाबा एकदम म्हणाले, "वहिनीनं घर बघितलंच नाही, आणि आता घरच राहणार नाही." आई भात कालवत होती. तिनं मान वर केली नाही, पण तो भातही तिनं संपवला नाही.

दुसऱ्या दिवशी मीच शनिवार पेठेत गेले. वहिनी शहाऐंशी वर्षांची झाली होती. चालताना भिंतीला हात लावायला लागली होती. विमानप्रवास डॉक्टरांनी बंद केला होता. ("डॉक्टर बाणेरच्या पुढं कधी गेलाय का विचारा.") मी सांगितलं, "वहिनी, आमची इमारत पाडताहेत."

"कधी?"

"एक तारखेपासून."

"बरं," ती म्हणाली आणि मला दोडक्याच्या शिरा काढायला बसवलं. मला तिचा राग आला. इतका की शिरांबरोबर मी अर्धा दोडकाही सोलून टाकला. तिनं तो ताटलीतून वेचून घेतला आणि त्याची चटणी केली.

तीन दिवसांनी आईचा फोन वाजला. हातात चिकटपट्टी होती म्हणून आईनं तो स्पीकरवर टाकला.

"हॅलो. गुरुवारी आमची सहल येते आहे त्या बाजूला. बारा जणी. दुपारच्या जेवणाची सोय होईल का?"

आवाज वहिनीचा. आईच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते मी आजवर पाहिलं नव्हतं.

"होते ना जी," आई म्हणाली. "काय खाणार?"

"तिखट बेताचं. दोघींना डायबेटीस आहे. आणि तो तुमच्याकडचा गोळाभात."

"तीन जिने आहेत. लिफ्ट नाही."

"मी लडाखला गेले होते," असं म्हणून सहलीच्या व्यवस्थापकबाईंनी फोन ठेवला.

बोलावलं कोणी नव्हतं आणि न बोलावता कोणी येत नव्हतं. सहल ठरली होती. सहलीला आमंत्रण कुठं असतं? सव्वीस वर्षं आमच्यापैकी एकाही शिकल्यासवरल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. आईनं भरून, पट्ट्या लावून, वर 'स्वयंपाकघर – पातेली' असं लिहून ठेवलेलं खोकं टराटरा फाडलं. बाबा 'पुस्तकं' लिहिलेल्या खोक्यावर बसले.

गुरुवारी शनिवार पेठेतून मिनीबस निघाली. कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेला कार्यक्रम दामलेकाकूंच्या हातात होता. या दामलेकाकू म्हणजे वहिनीबरोबर सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला तो दाखवला. "१० वाजता आगाखान पॅलेस. १२ भोजन (येरवडा, खाजगी निवासस्थान). २ ते ३ झोप (कुठंही)." खाजगी निवासस्थान हे शब्द लाल शाईत होते.

बाबा खाली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन उभे होते. वहिनी एक मजला चढायची, बाबा पुढं जाऊन खुर्ची ठेवायचे, ती बसायची. बाकीच्या अकरा जणी मागं पायऱ्यांवर रांगेनं थांबायच्या आणि सोसायटीच्या नोटिसा मोठ्यानं वाचायच्या. दुसऱ्या मजल्यावर मात्र तिचा श्वास लागला. ओठ पांढरे पडले. ती म्हातारी झाली आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं आणि मी घाबरले. बाबा खाली बसून तिच्या पायाला हात लावून म्हणाले, "वहिनी, जाऊ दे. परत जाऊ."

"इथवर आल्यावर? मूर्ख आहेस का?" ती म्हणाली आणि उठली.

आमच्या दाराशी आई उभी होती. ती 'या' म्हणाली नाही. नुसती बाजूला झाली. वहिनीही लगेच आत शिरली नाही. ती दारावरची पाटी बघत उभी राहिली. पितळी पाटी, काळी पडलेली. तिनं कमरेच्या पिशवीतून चष्मा काढला, पुसला, लावला आणि वाचलं. 'श्रीमती मालती केशव साठे'. त्याच्याखाली बाबांचं नाव. त्याच्याखाली आईचं. आम्हाला ती पाटी इतकी रोजची होती की तिला जाऊन सांगावं असं कधी कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

"ही कधी लावलीत?"

"वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी," आई म्हणाली.

"मला कोणी बोललं नाही ते."

"तुमच्या दारावर काय लिहिलं आहे, ते तुमाले काय सांगायचं जी?"

वहिनीनं पदराचं टोक घेतलं आणि आपल्या नावावरून दोनदा फिरवलं. "पितळ आहे," ती म्हणाली. "चिंच लावून घासायला काय होतं तुम्हाला?" मग ती आत आली, दोन पावलं चालली, वळली आणि जिन्यात ताटकळलेल्या अकरा जणींना म्हणाली, "या. आत या. चपला तिकडं काढा, दारात ढीग नको."

त्यानंतर ती पाहुणी राहिलीच नाही. पदर खोचून तिनं आईच्या हातातलं पातेलं घेतलं आणि स्वतः वाढायला लागली. जन्मात कोणाला दुसऱ्यांदा आमटी न विचारलेली ती बाई दामलेकाकूंना म्हणत होती, "घ्या हो, आमच्याकडं असंच असतं." दामलेकाकूंना भातावरचे डाळीचे पाच गोळे खावे लागले. शेवटी सगळ्यांचं झाल्यावर बाबांनी पाट मांडला. ती बसली. बाबांनी तिला वाढलं. तिनं पहिला घास खाल्ला, थोडा चघळला आणि बाबांकडे न बघता म्हणाली, "तिखट आहे." डोळ्यांतलं पाणी तिखटाचं असल्याचं तिला तेव्हाच जाहीर करून टाकायचं होतं. बाबा "हो हो" म्हणत तूप आणायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दोन ते तीन सगळ्या झोपल्या. आमच्या दोन खोल्यांत, खोक्यांच्या मधल्या जागेत, बारा म्हाताऱ्या पसरल्या होत्या आणि आई-बाबा स्वयंपाकघरात कुजबुजत भांडी घासत होते. साडेतीनला खाली मिनीबसचा हॉर्न वाजला. अकरा जणी उतरल्या, बसमध्ये बसल्या. दामलेकाकूंनी खिडकीतून वर हाक मारली, "वहिनी, चला! किती वेळ?"

वहिनी गॅलरीत आली. "तुम्ही निघा," तिनं वरून सांगितलं. "मी घरीच आहे."

एका दिवसाच्या सहलीसाठी तिनं दोन साड्या, गोळ्यांचा डबा आणि मंजन आणलं होतं, हे आम्हाला त्यानंतर कळलं.

नऊ दिवस राहिली. पहिल्याच दिवशी तिनं आम्ही भरलेली सगळी खोकी उघडून परत भरली, कारण "काचेखाली काच कोणी ठेवतं का?" आईशी तिचं रोज सकाळी डब्यांवरून वाजायचं आणि दुपारी दोघी एकाच सतरंजीवर पंख्याखाली पडून वर्ध्याच्या लोकांची निंदा करायच्या. न्हाणीघरातला तो दांडा तिनं पहिल्या दिवशी दोनदा हलवून बघितला आणि "पक्का आहे" म्हणाली. बाबांनी ते मला तीन वेळा सांगितलं. आणि रोज थोडा वेळ ती दारात स्टूल टाकून, चिंचेचं बोटुक घेऊन पाटी घासायची. पंधरवड्यात जी इमारत पडणार तिच्या दारावरची पाटी. शेजारच्यांनी विचारलं, "आता कशाला, आजी?" ती म्हणाली, "पाहुणे येतात."

शेवटच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं. मला दुपारच्या विमानानं बंगळूरला परतायचं होतं, म्हणून मी बॅग घेऊन खालीच उभी होते. बाबांनी सगळ्यात शेवटी स्क्रू काढून पाटी उतरवली. वहिनी शनिवार पेठेत परत जाईल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, काका गाडी पाठवणार होते. तिनं ती गाडी परत पाठवली आणि टेम्पोच्या पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बाबांनी तिला दोन्ही हातांनी उचलून ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं. त्यानंतर दोन महिन्यांनी, विश्रांतवाडीच्या त्या भाड्याच्या घरात, दुपारी दोन ते तीनच्या झोपेत ती गेली. मला तिला पुन्हा बघायला मिळालं नाही. म्हणून मला ती आठवते ती त्या टेम्पोतच.

मांडीवर पाटी उभी धरलेली, अक्षरं काचेच्या दिशेला, रस्त्यावरच्यांना वाचता येतील अशी. पायात पांढरे बूट. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, हितं लई धक्के बसतील. मागच्या गाडीतून या की." ती म्हणाली, "तू चल. रस्ता मी सांगते." तो रस्ता तिनं जन्मात पाहिला नव्हता.

टेम्पो सुरू झाला. आई हातात उरलेला झाडू घेऊन रस्त्यात उभी होती. वहिनीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हॉर्नच्या वर आवाज चढवून सांगितलं, "शोभा, मी पुढं जाऊन चहा टाकते. तुम्ही सगळे या."

"येतो जी," आई म्हणाली आणि तिथंच, भर रस्त्यात, झाडू हातात धरून रडायला लागली.